रांगेतला मतदार

माझा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. २०१६ च्या नोव्हेंबरात एका पहाटे त्याचा फोन आला. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. म्हणाला, "काका, या वेळची निवडणूक साधी नाही. हिच्यावर सगळं ठरणार आहे." २०२० साली पुन्हा तसाच फोन, तेच वाक्य. २०२४ साली तो तिसऱ्यांदा तेच म्हणाला तेव्हा मी त्याला विचारलं, "अरे, सगळं दोनदा ठरून गेलं होतं ना?" त्याला ते आवडलं नाही. पण मग तो जे बोलला ते माझ्या डोक्यात राहिलं. त्याच्या गल्लीत एका घराच्या हिरवळीवर एका उमेदवाराची पाटी होती, समोरच्या घरापुढे दुसऱ्याची. दोन्ही घरांतली माणसं भली, अडीअडचणीला धावून येणारी. "आणि काका, दोघंही घाबरलेले आहेत. एकाच गोष्टीला नाही, एकमेकांना."

पुतण्या संगणकवाला आहे, मी बँकवाला. बत्तीस वर्षं लेजरं चाळली. निवडणुकीतली आशा आणि निवडणुकीतली भीती या गोष्टी मला कायम बँकेच्या भाषेतच कळतात, त्याला इलाज नाही. म्हणून अमेरिकेतली निर्णायक निवडणूक म्हटलं की मला २०१६ किंवा २०२४ आठवत नाही, १९३२ आठवते. त्या निवडणुकीत बँकेपुढची रांग, पावासाठीची रांग आणि मतदानाची रांग अशा तिन्ही रांगांत बऱ्याच अंशी तीच माणसं उभी होती. काही वर्षांपूर्वी एका बुडीत बँकेवर कादंबरी लिहायचं डोक्यात होतं, त्यासाठी वाचायला घेतलं आणि त्या १९३२ सालात जो शिरलो तो अजून पुरता बाहेर आलेलो नाही. कादंबरी राहिलीच.

आधी माझी स्वतःची एक रांग सांगतो.

१९८७ साल. मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव, आमची एका सरकारी बँकेची शाखा, मी तिथे नवखा अधिकारी. बाजारपेठेतल्या एका पतसंस्थेनं बुधवारी शटर उघडलंच नाही. गुरुवारी सकाळी साडेदहाला आमच्या दारात दीडशे माणसं होती. पतसंस्थेचा आणि आमचा काडीचा संबंध नव्हता. आमच्यामागे भारत सरकार होतं. शिवाय प्रत्येक ठेवीदाराचा तीस हजारांपर्यंतचा विमा. हे सगळं मी एका खुर्चीवर उभा राहून शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विड्रॉल स्लिपा मागितल्या.

रांगेत एक म्हातारी होती. पासबुकात अकराशे रुपये. काउंटरशी आली आणि म्हणाली, "सायेब, माझं पैसं हायेत का?" मी म्हटलं, "आहेत की आजी." "मंग द्या." मी म्हटलं, "आहेत म्हटल्यावर कशाला काढता?" त्यावर ती म्हणाली, "हायेत तवरच काढायचं की. नसल्यावर कसं काढू?"

बँकिंगच्या परीक्षांत मी बरे गुण मिळवले होते, पण या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. बँक लोकांच्या ठेवी पेटीत कुलूपबंद ठेवत नाही, कर्जाऊ देते. रोज लागेल तेवढीच रोकड हाताशी ठेवते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाही त्याचा त्रास नसतो. सगळे एकदम आले की मात्र जगातली कुठलीही बँक, कितीही चोख असो, दुपारपर्यंत रिकामी होते. म्हणजे प्रत्येक माणूस आपल्यापुरता शहाण्यासारखा वागतो आणि त्या सगळ्या शहाणपणाची बेरीज सर्वनाश होते.

अमेरिकेत हे १९३० पासून सुरू झालं. शेअर बाजार कोसळला तो १९२९ च्या ऑक्टोबरात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण शेअर फार थोड्यांकडे होते. बँकेत पासबुक असलेली माणसं कितीतरी जास्त. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात एका बँकेच्या शाखेत एक छोटा व्यापारी आपले बँकेचे शेअर विकायला गेला. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं, विकू नका, गुंतवणूक चांगली आहे. तो बाहेर पडला आणि सांगत सुटला की बँक शेअर घ्यायला तयार नाही. दुपारपर्यंत शाखेपुढे हजारोंचा जमाव. एक माणूस म्हणे दोन डॉलरच्या खात्यासाठी दोन तास उभा होता. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, ती बँक बंद झाली आणि चार लाखांवर ठेवीदार रस्त्यावर आले. बरेचसे बाहेरदेशातून आलेले, शिवणकाम करणारे, हातगाडीवाले. बँकेचं नाव होतं 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स'. नावामुळे अनेकांना ती सरकारी वाटायची, होती खासगी. आमची खरोखर सरकारी होती, तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. नावाचं आणि विश्वासाचं नातं असंच असतं.

१९३० ते १९३३ या चार वर्षांत तिथे नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. आपल्याला हा आकडा अविश्वसनीय वाटतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे शेकडो शाखांची बँक असते. तिकडे अनेक राज्यांत बँकेला शाखा काढायलाच मनाई होती. एक गाव, एक बँक. गावातला गहू पडला की बँक पडली. शेजारच्या कॅनडात मोजक्याच मोठ्या, शाखावाल्या बँका होत्या. तिथे मंदी तेवढीच भयंकर होती, पण त्या काळात तिथली एकही बँक बुडाली नाही.

त्यातही एक गडी मला फार आवडतो. मॅरिनर एक्लस. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावात त्याची बँक होती. १९३१ साली गावातली दुसरी बँक उघडणार नाही हे त्याला कळलं. आता लोंढा आपल्याकडे येणार, हे ओळखून त्यानं आदल्या दिवशी कारकुनांना जमवलं आणि सांगितलं, उद्या हसतमुख राहा, हवापाण्याच्या गप्पा मारा, ओळखीच्या माणसाचीसुद्धा सही ताडून पाहा, पैसे लहान नोटांत द्या, सावकाश मोजा. दिवसभर कारकुनांनी सावकाश मोजलं. मग सॉल्ट लेक सिटीहून फेडरल रिझर्व्हची रोकड घेऊन चिलखती गाडी आली. एक्लस काउंटरवर चढला आणि गर्दीला म्हणाला, बँक वेळेवर बंद करणार नाही, शेवटचा माणूस जाईपर्यंत उघडी ठेवू. ही पाहा रोकड आली. बरोबर आलेल्या अधिकाऱ्यालाही त्यानं वर ओढलं. तो म्हणाला, ही आली तिथे अजून पुष्कळ आहे. ते अक्षरशः खरं होतं. फक्त ती सगळी एक्लसच्या बँकेची आहे, असं काही तो म्हणाला नाही! गर्दी ओसरली, बँक वाचली. पुढे १९३४ साली याच एक्लसला रूझवेल्टनं फेडरल रिझर्व्हच्या प्रमुखपदी नेमलं.

१९३२ च्या निवडणुकीचं सार मला या गोष्टीत दिसतं. प्रश्न असा होता, की सगळ्या देशाच्या काउंटरवर चढून कोण बोलणार? आणि त्याच्या पाठोपाठ रोकडीची गाडी येणार का?

गादीवर होता हर्बर्ट हूव्हर. या माणसावर इतिहासानं अन्याय केला असं मी म्हणणार नाही, पण त्याची कहाणी वाचून पोटात कालवाकालव होते. नवव्या वर्षी आईबापावेगळा झालेला पोरगा, खाणींचा इंजिनिअर झाला, जगभर हिंडला, पैसा मिळवला. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवण्याचं काम त्यानं उभं केलं. १९२१ च्या रशियातल्या दुष्काळात त्याच्या संस्थेनं एका वेळी एक कोटीवर माणसं जेवू घातली. तेही ज्यांच्या राजवटीचा त्याला तिटकारा होता त्यांच्या मुलखात. १९२० साली एक तरुण राजकारणी आपल्या मित्राला लिहीत होता, की या हूव्हरला अध्यक्ष करता आलं तर काय बहार होईल. त्या तरुणाचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट.

आणि १९३२ साली त्याच हूव्हरचं नाव पत्र्याच्या झोपड्यांना मिळालं होतं. बेघरांची वस्ती म्हणजे 'हूव्हरव्हिल'. दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार. बेकारीचा राष्ट्रीय भत्ता नाही, ठेवींचा राष्ट्रीय विमा नाही. डाऊ जोन्सचा निर्देशांक १९२९ च्या सप्टेंबरात ३८१ वर होता, तो १९३२ च्या जुलैत ४१ वर आला. हूव्हर स्वस्थ बसला नव्हता. तो पहाटेपासून काम करायचा, पगार दान करायचा. पण सरकारनं थेट माणसाच्या हातावर पैसा ठेवला तर माणूस बिघडतो, ही त्याची श्रद्धा होती. ज्यानं परदेशात लाखोंच्या हातावर भाकरी ठेवली त्याची ही श्रद्धा! मला हे कोडं सुटलेलं नाही. कदाचित स्वतः पोरकेपणातून वर आलेल्या माणसाला दुसऱ्याचा पोरकेपणा तात्पुरता वाटत असावा.

बँकांसाठी मात्र त्यानं जानेवारी १९३२ मध्ये एक मोठं महामंडळ काढलं, अडचणीतल्या बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं. कल्पना उत्तम होती. पण जूनमध्ये त्याचे अध्यक्ष चार्ल्स डॉज यांनी राजीनामा दिला आणि काही आठवड्यांतच शिकागोतल्या त्यांच्याच बँकेला नऊ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. झालं. रस्त्यावरच्या माणसाला पै नाही आणि साहेबांच्या बँकेला कोटी. काँग्रेसमध्ये ओरड झाली आणि कर्जदार बँकांची नावं काँग्रेसला कळवावीत असा कायदा झाला. प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन गार्नर यांनी ऑगस्टपासून ती जाहीरही करायला लावली. लोकशाहीच्या दृष्टीनं रास्तच. पण बँकवाल्याला विचारा! ज्या बँकेचं नाव यादीत आलं तिच्या दारात दुसऱ्या दिवशी रांग. मग बँका मदत घ्यायलाच बिचकू लागल्या. आजारी माणसानं दवाखान्याची पायरी चढली की गावभर दवंडी, तसं ते झालं. हे गार्नर त्याच वर्षी रूझवेल्टबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभे होते, हेही नोंदवून ठेवलेलं बरं.

त्या उन्हाळ्यात भीती फक्त ठेवीदारांना नव्हती. राज्यकर्तेही घाबरले होते. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्यानं बोनसची प्रमाणपत्रं मिळाली होती, पण पैसे हाती येणार होते १९४५ साली. बेकार सैनिक म्हणाले, आत्ताच द्या; तोवर आम्ही जगतो की नाही. वीस हजारांच्या आसपास माणसं, कित्येक बायकापोरांसकट, मालगाड्यांवर चढून वॉशिंग्टनला आली आणि अनाकोस्टिया नदीकाठी झोपड्या टाकून राहिली. गोरे आणि काळे एकाच वस्तीत; सैन्यात वेगळ्या तुकड्यांत होते, उपाशीपणात एकत्र आले. प्रतिनिधिगृहानं मागणी मान्य केली, १७ जूनला सिनेटनं ती ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळली. बरेच गेले, बरेच राहिले, कारण जायला ठिकाण नव्हतं. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मेले. मग जनरल मॅकार्थर घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन निघाला. नदी ओलांडू नका असा हूव्हरचा निरोप होता. मॅकार्थरनं तो मानला नाही. रात्री वस्ती जळाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले. आदेश मोडला जनरलनं, दोष गेला अध्यक्षाकडे. आणि हूव्हरनंही जाहीरपणे जनरलला पाठीशी घातलं.

तिकडे आयोवात ऑगस्टमध्ये शेतकरी रस्ते अडवून बसले. धान्याला आणि दुधाला उत्पादनखर्चाइतका भाव द्या, नाही तर माल बाजारात येऊ देणार नाही. सू सिटीच्या वाटेवर दुधाच्या किटल्या रस्त्यावर ओतल्या गेल्या. कुठे कुठे कोळशापेक्षा मका स्वस्त म्हणून लोक शेगडीत मका जाळत होते. शहरात त्याच वेळी लोक सूपच्या रांगेत. मका जळतोय आणि माणूस उपाशी आहे, हे दृश्य पाहिल्यावर कुठल्याही व्यवस्थेवरचा विश्वास उडावा.

आपल्याकडची गोष्टही फार वेगळी नव्हती. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते, सावकाराचं आणि सरकारचं देणं तेवढंच होतं. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडनं सुवर्णमान सोडला, सोन्याचा रुपयातला भाव चढला आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं मुंबई बंदरातून बोटींनी बाहेर गेलं. तीही एक रांगच, सोनाराच्या दुकानापुढची. तिला मात्र मत नव्हतं. १९३२ च्या सप्टेंबरात आपल्या लोकांचं लक्ष येरवड्याकडे, गांधींच्या उपोषणाकडे आणि आंबेडकरांशी झालेल्या कराराकडे होतं. आणि ते साहजिक होतं.

आता रूझवेल्ट. आज तो पुतळ्याच्या उंचीवरून दिसतो, त्यामुळे १९३२ साली तो किती हलका वाटत असे हे विसरायला होतं. वॉल्टर लिपमन हा त्या काळचा सगळ्यात वजनदार स्तंभलेखक. त्यानं त्या वर्षाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की हे गृहस्थ मोठे लाघवी आहेत, पदाला लागणारी म्हणावी अशी पात्रता नाही, पण अध्यक्ष व्हायची हौस दांडगी आहे. श्रीमंत घराण्यातला, न्यूयॉर्कचा गव्हर्नर, हसरा. १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. पोलादी पट्ट्या बांधून, मुलाच्या हाताचा आधार घेऊन तो चार पावलं 'चालायचा'. छायाचित्रकार बहुधा ते टिपत नसत. लोकांना तो आजारी होता हे माहीत होतं, किती ते नव्हतं. शिकागोच्या अधिवेशनात चौथ्या फेरीत त्याला उमेदवारी मिळाली. प्रथा अशी की उमेदवारानं घरी बसून आठवड्यांनी औपचारिक निरोपाची वाट पाहायची. हा आल्बनीहून विमानात बसला, वाटेत दोन ठिकाणी उतरत, वादळी वाऱ्यात नऊ तास प्रवास करून २ जुलैला शिकागोत हजर झाला. ज्याला उठून दारापर्यंत जाता येत नाही तो माणूस सगळ्यांत आधी पोचला होता. त्या भाषणातलेच 'न्यू डील' हे दोन शब्द पुढे युगाचं नाव झाले.

पण त्या शब्दांत होतं काय? प्रचारातली भाषणं मी वाचली आहेत आणि कर्जाचा प्रस्ताव म्हणून ती माझ्या टेबलावर आली असती तर मी परत पाठवली असती. एप्रिलमध्ये रेडिओवर तो तळातल्या विसरलेल्या माणसाबद्दल बोलला. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत म्हणाला की मोठ्या धनशक्तींना सरकारनं आवर घातला पाहिजे. आणि १९ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये म्हणाला की हूव्हरनं सरकारी खर्च वाढवून ठेवलाय, आपण तो पंचवीस टक्क्यांनी कमी करू! पुढे १९३६ साली पुन्हा पिट्सबर्गला जायची वेळ आली तेव्हा, या जुन्या भाषणाचं काय करू, असं त्यानं आपल्या भाषणलेखकाला विचारलं. तो म्हणाला, साहेब, आपण पिट्सबर्गला कधी गेलोच नव्हतो म्हणून सांगा.

तरी लोक त्याच्याकडे वळले. ती आशा आराखड्यावरची नव्हती. हा माणूस एकदा पार खाली पडलाय आणि तरी हसतोय, काहीतरी करून पाहीन म्हणतोय, एवढंच भांडवल. हूव्हरकडे आकडे होते आणि चेहरा पडलेला होता. बँकेच्या काउंटरवर बसलेल्याला याचा अर्थ कळतो. कॅशियरच्या कपाळावर घाम दिसला की खात्यात किती आहे हे कुणी बघत नाही.

हूव्हरनं शेवटी भीतीचाच आधार घेतला. ३१ ऑक्टोबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सभेत तो म्हणाला की विरोधकांनी आयातशुल्काची भिंत पाडली तर शेकडो शहरांच्या रस्त्यांवर गवत उगवेल. ज्यांच्या कारखान्याच्या दारात आधीच गवत उगवलं होतं त्यांना तो काय घाबरवणार? डेट्रॉइटमध्ये लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मेन राज्यात तेव्हा राज्यापुरती निवडणूक सप्टेंबरातच होत असे आणि 'मेन जाईल तिकडे देश जाईल' अशी म्हण होती. त्या सप्टेंबरात मेननं चक्क डेमोक्रॅट गव्हर्नर निवडला. हूव्हरच्या गोटात पाचावर धारण बसली. गंमत म्हणजे नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी त्याच मेननं हूव्हरला मत दिलं आणि देश उलटा गेला.

काळ्या मतदाराचा पेच याहून अवघड होता. दक्षिणेत त्याला मतदानाच्या दारातच अडवलेलं. मतपट्टी नावाचा कर, लिहितावाचता येण्याच्या परीक्षा आणि त्यापलीकडे उघड दहशत. तिथे डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे गोऱ्यांचंच राज्य. उत्तरेत त्याला मत होतं आणि ते लिंकनच्या पक्षाला द्यायचं, ही बापजाद्यांची रीत. सप्टेंबर १९३२ मध्ये 'पिट्सबर्ग कूरिअर'चे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी क्लीव्हलंडमधल्या सभेत सांगितलं की घरी जा आणि भिंतीवरची लिंकनची तसबीर पाठमोरी करा. त्याचं देणं फिटलं. त्या वर्षी बहुतेकांनी ऐकलं नाही. उत्तरेतल्या काळ्या मतदारांनी पुन्हा हूव्हरलाच कौल दिला; १९३६ मध्ये मात्र तसबिरी खरोखर फिरल्या. माणूस पक्ष बदलतो तेव्हा त्याला किती जुनं कर्ज फिटल्याची खात्री करून घ्यावी लागते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

८ नोव्हेंबरला रूझवेल्टला ४८ पैकी ४२ राज्यं आणि प्रतिनिधिमंडळातली ४७२ मतं मिळाली. हूव्हरला सहा राज्यं, ५९ मतं. मला या निकालातला दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. समाजवादी नॉर्मन थॉमस यांना नऊ लाखांहून कमी मतं पडली आणि कम्युनिस्ट उमेदवाराला लाखभर. मतदान चार कोटींच्या घरात. म्हणजे भांडवलशाही पालथी पडलेल्या त्या वर्षातही शंभरातल्या सत्त्याण्णव माणसांनी जुन्या दोन पक्षांपैकीच एकाला मत दिलं. दोनच दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, जर्मनीतही मतदान झालं होतं. तिथेही बेकारी तशीच, १९३१ च्या जुलैत डानाट बँक बंद पडून तिथेही रांगा लागलेल्या. त्या मतदानात नाझींच्या जागा २३० वरून १९६ वर घसरल्या. उतरती कळा लागली असं अनेकांना वाटलं. तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारीला, हिटलर चॅन्सलर झाला. मतपेटीतून नव्हे, बंद खोलीतल्या वाटाघाटींतून. त्यामुळे दोन देशांची तुलना करताना 'तिकडची जनता शहाणी, इकडची वेडी' असं म्हणण्याचा मोह मी टाळतो.

अमेरिकेतही निकाल लागला म्हणून भीती संपली नाही. उलट वाढली. तेव्हाच्या नियमानं नवा अध्यक्ष थेट ४ मार्चला शपथ घेणार. चार महिने जुन्याला कुणी विचारत नाही आणि नव्याला अधिकार नाही. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरनं राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या. दुसऱ्या दिवशी मायामीत रूझवेल्टवर गोळीबार झाला. तो वाचला, शिकागोचे महापौर सेरमॅक यांना गोळी लागली आणि ते पुढे मरण पावले. हूव्हरनं रूझवेल्टला पत्र लिहिलं की बँकांना धीर येईल असं काही जाहीर करा. म्हणजे व्यवहारात, माझं धोरण चालू ठेवीन असं सांगा. रूझवेल्टनं नकार दिला. अधिकार नसताना जबाबदारी घ्यायची नाही, हा त्याचा हिशोब. तो राजकारणी म्हणून बरोबर असेल. पण त्या दोन आठवड्यांत ज्यांच्या ठेवी गेल्या त्यांच्याशी मला हा हिशोब मांडता येणार नाही. ४ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉयच्या बँकाही बंद झाल्या. लिपमन, ज्यानं वर्षापूर्वी त्याला हलका ठरवलं होतं, तोच आता त्याला सांगत होता की वेळ पडली तर हुकूमशहाचे अधिकार हाती घ्या. भले भले असे घाबरले होते.

नंतरचे आठ दिवस मी बँकवाल्याच्या नजरेनं पुन्हा पुन्हा वाचले आहेत. ६ मार्चला देशभर बँकांना सक्तीची सुट्टी. ९ तारखेला एका दिवसात कायदा. प्रतिनिधिगृहातल्या सभासदांच्या हातात त्याच्या प्रतीही नव्हत्या. तो लिहायला मदत केली हूव्हरच्याच अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनी. सरकार गेलं होतं तरी ते खुर्च्या सोडून घरी गेले नाहीत. मला या माणसांचे फोटो भिंतीवर लावावेसे वाटतात. कायद्यानं रोकडीची सोय केली, म्हणजे चिलखती गाडी निघाली. आणि मग १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलला. पाव तासही नाही. तुम्ही पैसे ठेवता तेव्हा बँक ते तिजोरीत ठेवत नाही, कामाला लावते, इथपासून सुरुवात. जे मी खुर्चीवर उभा राहून सांगितलं तेच. मग उद्या कुठल्या बँका उघडतील, परवा कुठल्या, आणि उघडलेल्या बँकेत पैसा गादीखालच्यापेक्षा सुरक्षित आहे, एवढंच. सोमवारी सकाळी बँकांपुढे पुन्हा रांगा लागल्या. त्या पैसे भरणाऱ्यांच्या होत्या. दोन आठवड्यांत लोकांनी घरात दडवलेल्या रोकडीतली निम्म्याहून जास्त परत आली.

सगळेच वाचले नाहीत. हजारो बँका त्यानंतर कधीच उघडल्या नाहीत. बेकारी त्या दशकात हटली नाही. आणि ज्या ठेवविम्याचं श्रेय आज रूझवेल्टला जातं त्याला तो स्वतः आधी विरोध करत होता. काँग्रेसनं तो गळ्यात मारला. १ जानेवारी १९३४ पासून अडीच हजार डॉलरपर्यंतचा विमा सुरू झाला. आपल्याकडे तो यायला १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडावी लागली. १ जानेवारी १९६२ ला आपण सुरुवात केली ती दीड हजार रुपयांपासून. २०२० साली ही मर्यादा पाच लाख झाली.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता; मग म्हणाला, "काका, पण १९३२ साली लोकांना आधी माहीत होतं का, की हा बोलेल आणि रांगा उलट्या फिरतील?" म्हटलं, नाही. त्यांनी एका लाघवी, बोलण्यात विसंगती असलेल्या, पायांनी अधू माणसाला मत दिलं होतं. तो कोण निघेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, बहुधा त्यालाही नसावं. "मग ते घाबरले होते ते बरोबरच होतं," तो म्हणाला. हो, बरोबरच होतं.

आमच्या शाखेचं सांगायचं राहिलं. गुरुवारी दुपारी आमच्या मॅनेजरसाहेबांनी जिल्ह्याच्या करन्सी चेस्टमधून बंदोबस्तात जीप भरून रोकड आणवली. एक्लसचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं, मीही नव्हतं. नोटांची बंडलं त्यांनी कॅश केबिनच्या काचेमागे, रांगेतून दिसतील अशी रचायला लावली आणि सगळ्यांना चहा सांगितला. शुक्रवारी दुपारी रांग विरळ झाली. शनिवारी बारा वाजता शाखा रिकामी होती.

सोमवारी ती म्हातारी आली. रुमालाची गाठ सोडली, अकराशे रुपये पुढे सारले. एका नोटेला हळद लागलेली होती. डब्यात ठेवले असणार. मी स्लिप भरून दिली, तिचा अंगठा घेतला, पासबुकात नोंद केली. ती निघाली नाही. काचेपलीकडे वाकून बघत राहिली.

"सायेब, परवा हितं नोटांची चळत हुती. ती कुठं गेली?"

"आत आहे, आजी," मी म्हटलं. जीप शनिवारीच परत गेली होती.